शेपूट आणि नळी

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं आपण मराठीत म्हणतो. हिंदीनं त्या नळीला बारा वर्षांची मुदत घातली आहे. मी राहते त्या कोलकात्यात 'कुकुरेर लेज सोजा होय ना' एवढ्यावर भागतं. बंगाली माणूस नळीच्या भानगडीत पडत नाही. ही म्हण वापरली जाते ती माणसाबद्दल बोलताना. कुत्र्याबद्दल ती काहीच सांगत नाही, कारण शेपटीचा बाक ही शिस्तीची बाब नव्हेच, ती हाडांची आणि वंशाची बाब आहे.

१९५९ साली सैबेरियात नोवोसिबिर्स्क इथं दिमित्री बेल्यायेव या जनुकशास्त्रज्ञानं चंदेरी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. माणसाला पाहून जे कमी घाबरतात, कमी अंगावर येतात, तेवढेच कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची, बाकी काही नाही. त्यांच्या सहकारी ल्युडमिला त्रूत यांनी हे काम पुढे कित्येक दशकं चालवलं. काही पिढ्यांतच कोल्ह्यांची पिल्लं माणसाचे हात चाटू लागली, त्याला पाहून शेपूट हलवू लागली. काहींच्या अंगावर पांढरे पट्टे आले, काहींचे कान पडले, आणि काहींची शेपटी वर वळली. ज्या वाकड्या शेपटीला आपण हट्टाची खूण मानत आलो, ती माणसाळण्याबरोबर येणारी खूण निघाली, असं या प्रयोगाच्या आधारे जगभर सांगितलं गेलं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण २०१९मध्ये काही संशोधकांनी लक्षात आणून दिलं, की बेल्यायेवचे कोल्हे रानातून आणलेले नव्हतेच. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर कातड्यासाठी पिंजऱ्यात वाढवलेल्या कोल्ह्यांचे ते वंशज होते, आणि 'माणसाळण्याची' मानलेली काही लक्षणं त्यांच्यात प्रयोगाआधीपासूनच होती. यामुळे प्रयोग खोटा ठरत नाही. वर्तनावर निवड करता येते, हे त्यानं दाखवलंच. पण प्रयोगाची सुरुवात पिंजऱ्यात झाली होती आणि गोष्ट सांगताना पिंजरा वगळला गेला. कुत्र्याच्या वर्तनाबद्दल आणि त्याच्या शिक्षणाबद्दल माणसानं काय काय मानलं याचा इतिहास वाचताना हा वगळलेला पिंजरा मला पुन:पुन्हा भेटला.

आपल्याकडे या विषयाची सुरुवात फार जुनी आहे, आणि ती माराने होते. महाभारतातला कुत्रा म्हटलं की सगळ्यांना स्वर्गारोहणातला युधिष्ठिराचा सोबती आठवतो. आदिपर्वातला कुत्रा कोणाला आठवत नाही. जनमेजयाचं सत्र चालू आहे. सरमेचं पिल्लू तिथं येतं. राजाचे तीन भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही केलं असशील. ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा स्वत: सत्रात येऊन जाब विचारते, आणि कोणी उत्तर देत नाही तेव्हा शाप देते: ज्यानं काही केलं नाही त्याला तुम्ही मारलंत, तर न दिसणारं भय तुमच्यावर येईल. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारातच हा खटला आहे. शिक्षा झाली, पण कशाबद्दल झाली हे शिक्षा भोगणाऱ्याला कळलं नाही. कुत्रं शिकवणाऱ्या कोणत्याही माणसानं पहिल्या दिवशी ऐकावी अशी ही कथा आहे, आणि मला ती कुठल्याही प्रशिक्षणवर्गात कधी ऐकू आलेली नाही.

पुढच्या काळातही दरबारी ग्रंथांत कुत्री येतात. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त, म्हणजे बाराव्या शतकात, राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद' आहे. सारमेय म्हणजे सरमेचा. शापाची आठवण त्या शब्दात राहिली आहे, कथा मात्र शिकारीची झाली आहे.

आज शहरांत जे 'ट्रेनिंग' चालतं त्याचं मूळ मात्र दरबारात नाही, पोलीसचौकीत आहे. १९०६च्या सुमारास जर्मनीतल्या सारब्र्युकेन इथं कोनराड मोस्ट नावाचा पोलीस अधिकारी चौकीसाठी कुत्री तयार करू लागला. १९१०मध्ये त्यानं आपलं पुस्तक छापलं. मोस्टबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यामुळेच तो मला महत्त्वाचा वाटतो. पहिली ही, की त्यानं कुत्र्याला नीतिमत्तेच्या ओझ्यातून सोडवलं. कुत्र्याला 'चूक' आणि 'बरोबर' कळत नाही, त्याला शब्दांचा अर्थ कळत नाही. आवाज, हालचाल आणि त्यानंतर लगेच काय घडतं, एवढंच तो जोडतो, असं त्यानं बजावलं. बक्षीस किंवा शिक्षा त्या क्षणीच मिळाली पाहिजे. उशीर झाला की ती भलत्याच गोष्टीला चिकटते. घरी परतल्यावर फाटलेली चप्पल दाखवून कुत्र्याला झोडणारा माणूस त्याला चप्पल फाडू नये असं शिकवत नाही, मालक दारातून आत येणं धोक्याचं असतं असं शिकवतो. अमेरिकेत स्किनरनं याच प्रकारची तत्त्वं प्रयोगशाळेत मांडली ती १९३८मध्ये. मोस्टला ती चौकीच्या मैदानात सापडली होती.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे त्याच्या हातातला चाबूक. माणूस आणि कुत्रा यांच्या झटापटीत माणसाचा विजय तत्काळ आणि निर्विवाद झाला पाहिजे, असं तो मानत होता. छडी आणि आतल्या बाजूनं खिळे असलेला गळपट्टा ही त्याची साधनं. दोरी ओढली की खिळे मानेत रुततात.

खिळ्यांचा गळपट्टा आपल्या देशातही आहे. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या आणि उत्तराखंडातल्या भोटिया कुत्र्यांच्या गळ्यात तो पाहायला मिळतो. त्याचे खिळे बाहेरच्या बाजूला असतात. बिबट्या कुत्र्याचा गळा धरतो, तेव्हा ते बिबट्याला टोचावेत म्हणून. तीच वस्तू, तेच लोखंड. टोकं कोणाकडे वळवली आहेत यावरून त्या कुत्र्याचं त्याच्या माणसाशी नातं कळतं.

मोस्टच्या पद्धतीची कुत्री पहिल्या महायुद्धात गेली. त्याच युद्धातून एक वेगळी शाखाही फुटली. आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी १९१६मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथं वाटाड्या कुत्र्यांची पहिली शाळा निघाली. या कुत्र्यांना एक अवघड गोष्ट शिकवावी लागते: हुकूम न पाळणं. मालक 'पुढे' म्हणाला आणि समोर खड्डा असला, तर त्यानं जागचं हलायचं नाही. नुसत्या आज्ञापालनावर उभी असलेली शिकवण इथं कामाची नाही, कारण इथं कुत्र्याला जे दिसतं ते माणसाला दिसत नसतं.

त्याच सुमारास सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पाव्हलोव्ह कुत्र्यांची लाळ मोजत होता. त्याला १९०४चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. लाळेचं प्रकरण त्यातून निघालं. आपल्या सगळ्यांच्या पाठ्यपुस्तकात एक घंटा असते. प्रत्यक्षात त्याच्या प्रयोगशाळेत ठोके देणारा मेट्रोनोम, बझर, दिवे, अंगावरचा स्पर्श, विजेचा झटका अशा अनेक गोष्टी वापरल्या जात; घंटेला मिळालेली प्रसिद्धी तिच्या कामाच्या मानानं फार जास्त आहे. कुत्र्यांना पट्ट्यांनी एका चौकटीत उभं केलेलं असे. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून पुढे 'शांततेचा मनोरा' नावाची खास इमारतही बांधली गेली.

या साऱ्यात मला सर्वांत बोलका वाटतो तो एक नापास कुत्रा. चौकटीत उभं केलं की तो शांत होईना. त्याला कोणी दुखवत नव्हतं, खायला मिळत होतं, तरी तो धडपडत राही आणि त्याची लाळ सतत गळत राही, त्यामुळे मोजमापच होईना. पाव्हलोव्हनं मोठ्या प्रामाणिकपणे याला नाव दिलं: स्वातंत्र्याचा प्रतिक्षेप. मग उपायही शोधला. त्या कुत्र्याला फक्त चौकटीतच खायला द्यायचं, बाहेर काही नाही. काही काळानं तो शांत उभा राहू लागला. रशियात क्रांतीचे दिवस होते तेव्हाची ही नोंद आहे.

२३ सप्टेंबर १९२४ला लेनिनग्राडला मोठा पूर आला. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांत पाणी शिरलं. कुत्री वरच्या गजांशी नाकं टेकून पोहत राहिली. त्यांना वाचवण्यासाठी पाण्याखालच्या दारातून ओढून बाहेर काढावं लागलं. नंतर दिसलं, की काही कुत्री महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं विसरली होती, आणि बऱ्या झालेल्या एका कुत्र्याच्या खोलीत दाराखालून थोडं पाणी सोडताच ते पुन्हा कोसळलं. भीतीनं शिकणं पुसलं जातं, आणि भीती स्वत: मात्र पुसली जात नाही, हे इतक्या स्पष्टपणे आधी कोणी नोंदवलं नव्हतं. आजही निवाऱ्यात आणलेलं एखादं कुत्रं झाडूचा आवाज ऐकून पलंगाखाली जातं, तेव्हा ते हट्टी किंवा मंद नसतं.

लायकाचा उल्लेख इथंच करून पुढे जाते. ३ नोव्हेंबर १९५७ला अंतराळात गेलेली ती मॉस्कोच्या रस्त्यावरची कुत्री. थंडी आणि उपास सोसलेलं कुत्रं जास्त चिवट असेल म्हणून भटक्यांतून निवड झाली; प्रशिक्षण म्हणजे दिवसेंदिवस लहान होत जाणाऱ्या पिंजऱ्यात राहणं. उष्णतेनं ती काही तासांतच गेली, हे जगाला २००२मध्ये कळलं.

पण ज्या पिंजऱ्यानं घराघरातल्या कुत्र्यांचं सर्वांत जास्त नुकसान केलं त्यात कुत्रं नव्हतंच, लांडगे होते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात रुडोल्फ शेंकेल यानं बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९४७मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे दहा मीटर रुंद आणि वीस मीटर लांब जागेत दहापर्यंत लांडगे. ते एकमेकांवर गुरगुरत, चावे घेत, वरचढ होऊ पाहत. शेंकेलनं त्यांच्या कानांची, ओठांची, शेपटीची प्रत्येक हालचाल बारकाईनं टिपली. तो भाग आजही वाचण्यासारखा आहे. पण त्यातून जगानं उचलला तो एकच शब्द: अल्फा. कोंबड्यांत कोण कोणाला टोचतं याची उतरंड नॉर्वेच्या एका संशोधकानं १९२१च्या सुमारास मांडली होतीच. कोंबड्यांवरून लांडग्यांवर, लांडग्यांवरून कुत्र्यांवर, आणि आता कंपनीच्या व्यवस्थापकांवर, असा त्या कल्पनेचा प्रवास झाला.

डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकानं १९७०मध्ये लांडग्यांवर लिहिलेल्या पुस्तकानं ही कल्पना लोकांपर्यंत नेली. नंतर १९८६पासून तोच मेक कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर दरवर्षी उन्हाळ्यात मोकळ्या लांडग्यांजवळ राहू लागला. तिथं त्याला अल्फा दिसेना. दिसले आईबाप आणि त्यांची लहानमोठी पिल्लं. कळपाचा 'पुढारी' म्हणजे बाप किंवा आई. त्यांनी ती जागा लढून मिळवलेली नसते, पिल्लं जन्माला घालून मिळवलेली असते. १९९९मध्ये त्यानं हे रीतसर मांडलं. स्वत:च्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून तो प्रकाशकाच्या मागे लागला, आणि ती थांबली २०२२मध्ये. एका शास्त्रज्ञानं स्वत:चं खपणारं पुस्तक बाजारातून काढायला लावणं, हे विज्ञानाच्या इतिहासात फारसं घडत नाही.

दरम्यान कुत्री मार खात होती. १९६२च्या विल्यम कोह्लरच्या पुस्तकात, अंगणात खड्डा खणणाऱ्या कुत्र्याचं तोंड त्याच खड्ड्यात पाणी भरून बुडवावं, असा सल्ला आहे. हे पुस्तक अमेरिकेत वर्षानुवर्षं खपलं. १९७८मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठाच्या संन्याशांनी, मोठ्या प्रेमानं लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकात, कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरण्याची 'अल्फा रोल' ही क्रिया सांगितली. २००२च्या आवृत्तीत त्यांनीच ती काढून टाकली. पण पुस्तकातून काढलेली गोष्ट हातांतून निघत नाही.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबानं तीन वर्षांपूर्वी एक कुत्रं आणलं. ताटाजवळ कोणी आलं की ते गुरगुरे. शिकवायला आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी त्याचा गळा धरून त्याला फरशीवर दाबलं आणि जमलेल्यांना समजावलं, की याला अल्फा व्हायचंय. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं. सगळे खूश. मग एका संध्याकाळी दादू, म्हणजे घरातले आजोबा, ताट उचलायला वाकले आणि कुत्र्यानं आवाज न करता त्यांच्या मनगटाला चावा घेतला. चार टाके पडले. त्या माणसानं फी घेऊन कुत्र्याची भीती तशीच ठेवली होती आणि त्याची सूचना देण्याची सोय तेवढी काढून घेतली होती. गुरगुरणं म्हणजे अजून चावायचं नाही असं सांगणं. त्याआधीही ते बरंच काही सांगत असतं: तोंड वळवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, ओठांवरून जीभ फिरवतं, अंग ताठ करून एका जागी थिजतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे, हेही अर्धसत्य. सैल अंगासकट हलणारी शेपटी वेगळी आणि ताठ उभी, टोकाशी थरथरणारी वेगळी.

दादूंच्या कुत्र्याला नंतर वेगळ्या बाईंनी शिकवलं. ताटाजवळ येणारा प्रत्येक माणूस ताटात आणखी एक मांसाचा तुकडा टाकून निघून जायचा, एवढंच. आधी चार हातांवरून, मग तीन, मग दोन. दोन महिने लागले. आता दादू येताना दिसले की ते ताटापासून मागे सरतं आणि वर बघतं.

या बाईंच्या पद्धतीचाही इतिहास आहे, आणि तो कमी मारामारीचा असल्यामुळे कमी सांगितला जातो. १९५१मध्ये स्किनरनं एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लेख लिहून सांगितलं, की मुलांच्या खेळण्यातला टिकटिक वाजणारा 'क्रिकेट' आणि थोडं खाणं एवढ्यावर कुत्र्याला कोणालाही शिकवता येईल. टिकटिक 'तेच, आत्ता केलंस ते' असं सांगते, आणि खाणं मागून येतं. मोस्टला हवी असलेली क्षणाची अचूकता इथं छडीवाचून मिळते. त्याचे शिष्य केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी हे जाहिरातींसाठी आणि खेळांसाठी डझनावारी प्राण्यांवर वापरलं. १९६१मध्ये त्यांनी गुरूला न आवडणारी गोष्ट छापली: रॅकूनला नाणी पेटीत टाकायला शिकवलं तर तो ती टाकण्याऐवजी हातात चोळत बसतो, डुकरं लाकडी नाणी मुसंडीनं उकरत राहतात. प्राणी कोरी पाटी नसतो. हवाईत डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्या १९८४च्या पुस्तकानं हीच पद्धत कुत्र्यांच्या मालकांपर्यंत आणली. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, म्हणून तिथं दुसरा मार्गच नव्हता.

पोलिसांची कुत्रीही आता बरीचशी याच वाटेनं शिकतात. मुंबईच्या १९९३च्या स्फोटांनंतर तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून देणारा झंजीर पुण्यात तयार झाला होता. २०००मध्ये तो गेला तेव्हा त्याला सरकारी इतमामानं निरोप दिला गेला. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्याला वास सापडला की ओरबाडायचं नाही, भुंकायचं नाही, गुपचूप खाली बसायचं, हे शिकवतात, आणि मोबदल्यात त्याचं आवडतं खेळणं देतात. कुत्र्याच्या लेखी तो खेळच असतो. घाबरलेलं कुत्रं असं काम करू शकत नाही.

अमेरिकेतल्या बार हार्बर इथं स्कॉट आणि फुलर यांनी वीसेक वर्षं पिल्लं वाढवून १९६५मध्ये जे सांगितलं ते बहुधा या सगळ्याहून उपयोगाचं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू ठरवतं, की आपले कोण. तिथंच झालेल्या एका प्रयोगात चौदा आठवडे माणूसच न पाहिलेली पिल्लं पुढे जवळजवळ रानटी राहिली. आपल्याकडचे धनगर पिल्लू लहानपणीच मेंढरांत सोडतात. ते मेंढरांच्या उबेत झोपतं आणि मोठेपणी त्यांची राखण करतं. त्याला राखण कोणी 'शिकवत' नाही. शहरात मात्र पिल्लू दुकानातून येतं ते अनेकदा नेमके हेच आठवडे जाळीमागे काढून.

मराठीत कुत्र्याशी बोलायला मोजके शब्द आहेत. जवळ बोलवायला यू-यू, अंगावर सोडायला छू, हाकलायला हाड. बस, थांब, सोड असं सांगायची वेळ येते तेव्हा पुण्यातलं मराठी घरही इंग्रजीत बोलू लागतं. बंगालीतही 'आय, तू-तू' म्हणून बोलावतात आणि 'सिट' म्हणून बसवतात. कुत्र्याला भाषेचा फरक पडत नाही. अमेरिकेतली कित्येक पोलिसी कुत्री युरोपातून येतात म्हणून जर्मन किंवा डच हुकूम ऐकतात. फरक आपल्याला पडतो. गावातल्या कुत्र्याला यायला आणि जायला सांगितलं की पुरे होतं. दिवसभर त्यानं कुठं असावं, हे कोणी ठरवत नव्हतं.

ते ठरवायचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. कंपनी सरकारनं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याची परवानगी दिलेली होती. १८३२मध्ये मुदत वाढवली आणि एका कुत्र्यामागे आठ आणे लावले. आठ आण्यांसाठी शिपाई दारातली, घरातलीही कुत्री मारू लागले. ६ जूनला पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं आहे. दुसऱ्या दिवशी इतर व्यापाऱ्यांसह बाजार बंद राहिला, रसद अडली आणि लष्कर बोलवावं लागलं. पुढे १९२६मध्ये अहमदाबादला गिरणीच्या आवारातली साठ कुत्री मारली गेली आणि गांधींनी ते समर्थनीय मानलं, तेव्हा 'यंग इंडिया'कडे संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. गांधींनी लेखामागून लेख लिहून उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा, की रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकणं ही दया नव्हे. दया असेल तर त्याला पाळा, नाहीतर समाजानं मिळून त्याची व्यवस्था करा. मला त्यांचा निष्कर्ष पटत नाही, पण फुकटच्या दयेवरचा त्यांचा राग पटतो. आणि मुंबईतल्या पारशांचा बंद वाचताना हेही विसरता येत नाही, की जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यात लहान मुलं पुष्कळ आहेत.

२००१च्या नियमांनी नसबंदी, लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं हा मार्ग घेतला. २०२३च्या नियमांनी तोच ठेवला. 'त्याच जागी' या दोन शब्दांमागे वर्तनाचं ज्ञान आहे: कुत्रं आपल्या हद्दीत ओळखीच्या माणसांत शांत असतं आणि परक्या कुत्र्याला आत येऊ देत नाही. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यांत न्यायला सांगितलं. २२ ऑगस्टला मोठ्या पीठानं त्यात बदल करून पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची जागच्या जागी परत पाठवायला सांगितलं. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री काढून परत न सोडण्याचा आदेश आला. 'आक्रमक' कोणतं हे ठरवणार कोण आणि कशावरून, हा प्रश्न पालिकेच्या गाडीवरच्या माणसापाशी येऊन थांबतो. त्याला कोणी कुत्र्याची जांभई वाचायला शिकवलेलं नाही.

जगातली बहुसंख्य कुत्री कोणाच्या घरात राहत नाहीत, आणि त्यांच्याबद्दलचा नेमका अभ्यास मात्र अगदी अलीकडचा आहे. त्यातला बराचसा इथं बंगालमध्ये झाला. वर्धमान जिल्ह्यातल्या काटवा इथं सुनीलकुमार पाल यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नोंदी ठेवल्या. काही पिल्लांजवळ बापही पहारा देतो, हे त्यांनी दाखवलं. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे विद्यार्थी पिंजऱ्याशिवाय, चौकटीशिवाय, गल्लीतच प्रयोग करतात. २०१७च्या त्यांच्या एका प्रयोगात अनोळखी माणसानं काही कुत्र्यांना पुन:पुन्हा खाणं दिलं आणि काहींना पुन:पुन्हा डोक्यावरून हात फिरवला. विश्वास अधिक वाढला तो हात फिरवलेल्यांचा. ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांचा त्यांनी माग ठेवला होता. सात महिन्यांपर्यंत जगली १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मागे माणूस होता: गाडी, मार, विष, किंवा उचलून नेणं.

२०२०मध्ये छापलेल्या प्रयोगात त्यांनी दोन झाकलेल्या वाडग्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं. पाळीव कुत्र्यांना माणसाचं बोट कळतं हे जगभर सिद्ध झालं होतं. ते शिकवण्यामुळे की उपजत, हा वाद होता. कोणी काहीही न शिकवलेल्या या रस्त्यावरच्या कुत्र्यांपैकी जी वाडग्यांपर्यंत आली, त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या वाडग्याकडेच गेली. बोट क्षणभर दाखवून लगेच मागे घेतलं तरीही. जवळजवळ निम्मी कुत्री मात्र वाडग्यांपर्यंत आलीच नाहीत. ती घाबरलेली दिसत होती. हात वर होताना त्यांनी पाहिला आणि ती मागे सरली.